पावसाचा कोपरा

सखाराम शाळेच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा मी तिसरीच्या मुलांकडून जिल्ह्याचा नकाशा काढून घेत होतो. सखाराम म्हणजे माझा मित्र अब्बास तांडेल जे गलबत चालवी त्यावरचा जुना खलाशी. नारळी पौर्णिमा होऊन आठवडा झाला होता, पावसाळी वारा निवळला होता, आणि त्यांचं गलबत त्या दिवशी सकाळच्या ओहोटीबरोबर हंगामाच्या पहिल्या खेपेला सुटणार हे रत्नागिरीतल्या सगळ्या राजिवड्याला ठाऊक होतं. मी नेहमीच्या उतावळेपणाने बोलून गेलो, "अरे, तू अजून इथंच? ओहोटी काय तुझ्यासाठी थांबून राहणार आहे?" त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाला, "मास्तर, आज गलबत नाय सुटत." पुढचं त्याला बोलावं लागलं नाही. मी मुलांना काय सांगितलं ते आता आठवत नाही. खाडीकडे जाणाऱ्या वाटेने आम्ही दोघं चालत होतो आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती... इतक्या वर्षांत पहिल्या खेपेला अब्बासचं गलबत कधी उशिरा सुटलेलं नव्हतं.

या गोष्टीला आता दीड-दोन महिने झाले. तांडेल कशाने गेला असं लोक मला विचारतात. मी सांगतो, कर्करोगाने. उत्तर खरं आहे, पण पुरतं खरं नाही. त्याच्या डाव्या गालाच्या आत एक जखम झाली, ती दिवाळीत दिसली, आणि तिच्यावर शस्त्र चाललं ते ज्येष्ठ संपता संपता. मधला सगळा काळ अब्बासने जाऊ दिला. भीतीने नव्हे, आळसाने नव्हे, पूर्ण विचार करून आणि अगदी स्वच्छ मनाने जाऊ दिला. तो काळ गेला नसता तर अब्बास आज असता का, हा प्रश्न काही केल्या माझा पिच्छा सोडत नाही. म्हणून हे लिहायला बसलो आहे. त्याची थोरवी गायला नव्हे. थोरवी म्हटलेली ऐकली असती तर तो तोंडातला विडा थुंकून खो खो हसला असता.

आमची ओळख झाली तीच मुळी वाट बघण्यावरून. एकोणीसशे तेवीस-चोवीस सालच्या सुमाराची गोष्ट. मला नुकतीच मास्तरकी लागली होती आणि नाटे गावच्या शाळेवर हजर व्हायचं होतं. रत्नागिरीच्या बंदरावर मी हमालाशी हुज्जत घालत बसलो आणि उतारूंना आगबोटीवर पोचवणारा पडाव माझ्या डोळ्यांदेखत निघून गेला. मी धक्क्यावर ट्रंकेवर बसून स्वतःलाच शिव्या देत होतो, तेव्हा लुंगीतला एक उंच काळासावळा माणूस समोर आला. "कुठं जायचा हाय?" नाटे म्हटल्यावर म्हणाला, "मग माज्या गावात येताव तर. चला." तोच अब्बास. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, बापामागून नुकताच गलबताचा तांडेल झालेला. वारा चांगला होता, दुपारी आम्ही खाडीच्या तोंडाशी पोचलोदेखील. पलीकडे किनारा दिसत होता, माणसं दिसत होती, आणि या गृहस्थाने नांगर टाकला. का, तर खाडीच्या तोंडावर वाळूचा बांध आहे, पाणी कमी आहे, भरती येऊ दे. मी तडफडत होतो. तेवढ्यात एक मचवा आमच्या शेजारून गेला आणि सरळ खाडीत शिरला. त्यातली माणसं आरामात उतरून घरी चालती झाली. मी म्हटलं, "तो गेला की." अब्बास चुलीवरच्या बांगड्यांना मीठ लावत होता. "गेला त्याचा बरा झाला," म्हणाला. "तुमी जेवून घ्या." तिन्हीसांजेला भरती आली आणि आम्ही आत गेलो. पुढे कितीतरी वेळा मी त्याला डिवचायचो, की त्या दिवशी तसेच शिरलो असतो तर काय झालं असतं? तो हसून म्हणायचा, "ता कोन सांगनार? गेलो नाय ना."

दोन वर्षांनी माझी बदली रत्नागिरीला झाली. त्याचं सासर राजिवड्याचं, तोही बिऱ्हाड घेऊन तिथंच आला. खरी मैत्री झाली ती पावसाळ्यांत, कारण दर्यावर्दी माणूस घरी सापडतो तो पावसाळ्यातच. वैशाखाच्या शेवटी गलबत खाडीच्या वाळूवर ओढायचं, झावळ्यांच्या झापांनी ते घरासारखं शाकारायचं, आणि मग श्रावणापर्यंत माणूस जमिनीचा. त्यामुळे या लोकांची एक रीत पडून गेलेली आहे. हंगामात काही मोडलं, फाटलं, बिघडलं, कुणाशी भांडण निघालं, कुणाची सोयरीक ठरायची असली, की त्याचं एकच उत्तर. पावसात बघू. अब्बासच्या घरी मागच्या पडवीत एक कोपरा या कामासाठी ठेवलेला होता. जात्याचा निखळलेला खुंटा, पाय मोडलेला पाट, फुटक्या काचेचा कंदील, शिडाचं फाटकं कापड, शेजारणीचा पाळणा... नऊ महिने सगळं तिथं साठत जायचं आणि पाऊस लागला की अब्बास चटई टाकून बसायचा. एकेक वस्तू घ्यायचा, नीट करायचा, ज्याची त्याला देऊन यायचा. श्रावणात कोपरा झाडून मोकळा. खतिजाभाबी, त्याची बायको, मला चिडवून सांगायची, "माजा निकापन पावसातच झाला मास्तर. नायतर ह्याना सवड कुठली?"

त्या कोपऱ्यात माझी छत्रीही असायची. हा आमच्यातला जुना विनोद होता. माझ्या छत्रीची काडी दर वर्षी तुटते, कारण मी ती घाईघाईने मिटतो. ती मी अब्बासकडे टाकायची, त्याने "पावसात बगू" म्हणायचं, आणि पावसाळाभर मी भिजत शाळेत जायचं. छत्री हातात मिळेतो श्रावणातलं ऊन पडलेलं असे. मी तणतणलो की तो बोलत नसे, नुसता हात करायचा. तळवा खाली धरून बोटं हलवायची, वळचणीच्या पागोळ्या गळतात तशी. हंगामात वाऱ्याच्या आवाजात खलाशांना काही सांगताना तो असेच हात करी, आणि हा हात म्हणजे, पावसात. एका वर्षी त्याची दाढ कार्तिकात दुखू लागली. लवंग धरत, गाल धरत त्याने मुंबई केली, मंगळूर केलं, आणि ज्येष्ठात गलबत शाकारून झाल्यावर ऐटीत जाऊन दाढ काढून आला. काही बिघडलं नाही. हे मी मुद्दाम लिहितो आहे. पावसावर टाकलेलं त्याचं कधीच काही बिघडलेलं नव्हतं.

गेल्या दिवाळीत तो आमच्याकडे फराळाला आला होता. आमच्या घरातल्यांचं, म्हणजे माझ्या बायकोचं, लक्ष बारीक. ती म्हणाली, "भावजी, चकली कडक झालीय का? एकाच बाजूनं खाताय." तो ओशाळला. "नाय वैनी, चकली बेस हाय. हितं जरा लागता." मी त्याला खिडकीशी नेऊन तोंड उघडायला लावलं. ज्या जागी तो तंबाखूची गोळी धरून ठेवी, तिथंच डाव्या गालाच्या आत, हरभऱ्याच्या डाळीएवढी पांढुरक्या कडांची जखम होती. किती दिवस आहे विचारलं तर म्हणे, गणपतीच्या आगेमागे झाली असेल, दुखत नव्हती म्हणून बोललो नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याला जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जखम पाहिली, जबड्याखाली बोटांनी चाचपून पाहिलं आणि हात धुता धुता म्हणाले, की हे गुळण्यांनी जाणारं दुखणं नव्हे, कर्करोगाचा संशय आहे, मुंबईला जा आणि लहान आहे तोवर कापून घ्या. अब्बासने अदबीने विचारलं, "कवा जाव?" डॉक्टर म्हणाले, "आता." "आता मंजे?" "आता म्हणजे या आठवड्यात." अब्बासने मान डोलावली, सलाम केला, आणि दवाखान्याच्या पायरीवर आल्यावर माझ्याकडे बघून तोच हात केला... पागोळ्यांचा.

मी रस्त्यातच भांडायला लागलो. तो शांतपणे ऐकून घेत होता. मग त्याने आपली बाजू सांगितली. हंगाम ऐन भरात आलेला. सगळे तांडेल आपापल्या गलबतांवर गेलेले, बदली माणूस मिळणं शक्य नाही. गलबतावरच्या खलाशांना पगार नसतो, हंगामाच्या शेवटी वाटे होतात. तांडेल उतरला तर गलबत खाडीत बसणार आणि त्या सगळ्या घरांतल्या चुली थंड पडणार. "सखारामाची पोरगी उजवायची हाय," तो म्हणाला. "तिच्या बापसाला मी काय सांगू? माज्या गालात फोड आला?" मी म्हटलं, "फोड नव्हे तो. डॉक्टरांनी नाव घेतलंय." तो म्हणाला, "नाव घेतला म्हणून काय झाला? पाऊस येनारच हाय. मग मी तुमचाच." आणि वर माझी समजूत काढायला म्हणाला, की मुंबईला तर गलबत जातंच आहे, तिथं दाखवीन.

ते गलबत त्या हंगामात मुंबईच्या बंदराला कितीदा तरी लागलं. ज्या मोठ्या इस्पितळात आपल्याकडची माणसं आगबोटीने, हाल काढत, उसन्या बिऱ्हाडांवर राहून जातात, ते याच्या नांगरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. शिमग्याला तो घरी आला तेव्हा मी पहिलंच विचारलं, दाखवलंस का? एकदा गेला होता. माघात. सबंध दिवस बाकावर बसून राहिला. वाट बघण्यात त्याला कोण हरवणार? संध्याकाळी एका तरुण डॉक्टरने पाहिलं, त्याने दुसऱ्याला बोलावलं, दोघं इंग्रजीत काही बोलले आणि म्हणाले, परवा ये, मोठे डॉक्टर बघतील. "मग? परवा गेलास?" तो खाली बघून म्हणाला, "दुसऱ्या दिशी पहाटं उत्तरंचा वारा सुटला, मास्तर. चार दिवस सगळी त्याच्याचसाठी खोळंबलेली. माल भरलेला." मी रागाने उठून उभा राहिलो. म्हटलं, वारा काय पुन्हा आला नसता? तो म्हणाला, "वारा दिला की घ्यायचा. येवडीच अक्कल हाय मना." यात कुणाचं काय चुकलं हे मी पुष्कळ दिवस शोधतो आहे. इस्पितळात रोगी मावत नव्हते, परवा ये म्हणाले यात वावगं काही नाही. दोष द्यायला कुणी सापडत नाही, हा या गोष्टीतला सगळ्यात मोठा त्रास आहे.

शिमग्यानंतर जखम लपण्यासारखी राहिली नाही. त्याचं तोंड पुरतं उघडेना. आधी दोन बोटं शिरत, मग एक. जबड्याखाली सुपारीएवढी गाठ हाताला लागू लागली. भाबी त्याला पेज आणि माशाचं पातळ कालवण देत असे, आणि तो जेवायला बसला की ती आत निघून जाई, कारण ते तिला बघवत नसे. एकदा माझ्यादेखत ती त्याला म्हणाली, "गलबताला भोक पाडीन मी. मग तरी जाशील?" तो हसला, पण हसताना गाल धरला. चैत्रात मी सखारामाला गाठून सांगितलं, की तूच ने आता गलबत, तुला काय कमी येतं? सखाराम म्हणाला, "मी कवाचा सांगतोय मास्तर. पन तांडेल म्हनतात, शेवटच्या खेपांना दर्या फिरतो, तवा नवा हात नको." तेही खरंच होतं. वैशाखात समुद्र बिघडायला लागतो. प्रत्येक वेळी त्याचं म्हणणं खरंच असायचं, आणि प्रत्येक खऱ्या म्हणण्याबरोबर एक महिना जायचा.

आम्हा दोघांच्या भांडणाचा एवढाच उपयोग झाला, की इतरांच्या आधी थोडे दिवस त्याने गलबत वर घेतलं. शाळेला मे महिन्याची सुट्टी होती. मी गाठोडं बांधून, मोटारीची चौकशी करून खाडीवर गेलो, तर हे गृहस्थ झापं बांधत होते. म्हटलं, सखाराम करील, चल. मानेनेच नाही म्हणाला. गलबत उघडं टाकून तांडेल जात नाही. मी वाळूवर बसून राहिलो. त्याने सगळं गलबत शाकारलं, सुंभाची शेवटची गाठ स्वतःच्या हाताने ओढून पाहिली, मग गलबताच्या पुढच्या टोकावर, नाळेवर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला. मला त्याचा इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी आलं. एव्हाना पावसाळ्यामुळे मुंबईच्या आगबोटी बंद झाल्या होत्या. जिथं तो सगळा हंगाम जाऊन आला, तिथं आता जाता येत नव्हतं. म्हणून आम्ही आंबा घाटाने वर देशावर जाऊन एका मिशन हॉस्पिटलात जायचं ठरवलं. जन्मात कधी बोट न लागलेला हा माणूस घाटाच्या वळणांवर मोटारीत ओकून ओकून अर्धा झाला. थट्टा सोडून मी त्याचं डोकं धरून बसलो.

तिथंही थांबणं सुटलं नाही. मोठे सर्जन उन्हाळ्यासाठी थंड हवेला गेले होते, मृगाच्या सुमाराला परतणार होते. तोवर खालच्या डॉक्टरांनी त्याच्या डाव्या बाजूच्या दाढा काढल्या, तोंड साफ केलं, अंगात ताकद यावी म्हणून दूध-अंडी सुरू केली. तेवढी तयारी लागतेच असं ते म्हणाले, आणि लागत असेलही. अब्बास व्हरांड्यातल्या खाटेवर पडून समोरच्या कोरड्या माळाकडे बघत राहायचा. "हितं पानी कुठं बगायचा?" एवढंच एकदा मला म्हणाला. शब्द आता फुटके येत होते. शाळा सुरू झाली तरी मी रजा वाढवून तिथंच राहिलो. रोज सकाळी त्याच्या जबड्याखालच्या गाठीकडे माझं लक्ष जायचं. कालपेक्षा मोठी वाटते का? वाटायची. उगाच वाटत असेल म्हणून मी दुसरीकडे बघायचो. तो मात्र शांत होता. त्याच्या हिशोबाने सगळं वेळेवर चाललं होतं, खाली कोकणात पाऊस लागला होता आणि तो दुरुस्तीला आला होता.

सर्जन आले. उंच, पिकल्या मिशांचे गोरे गृहस्थ, मराठी बोलत, पण पुस्तकातल्यासारखं. तपासून झाल्यावर त्यांनी मला खोलीत बोलावलं. पहिलाच प्रश्न, "हा इतके दिवस कशासाठी थांबला? भय वाटले काय?" मी त्यांना हंगाम, खलाशांचे वाटे, गलबत शाकारणं सगळं सांगितलं. ते ऐकत होते, पण गलबत शाकारण्यापाशी त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. मग म्हणाले, हिवाळ्यात आला असता तर गालाचा लहानसा तुकडा काढून भागलं असतं. आता गाल, जबड्याचं अर्धं हाड आणि मानेतल्या गाठी काढाव्या लागतील, आणि तरीही मुळं कुठवर गेली आहेत ते दिसत नाही. मी विचारलं, "हिवाळ्यात आला असता तर वाचला असता का?" त्यांनी आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "लवकर आलेले सर्व जगतात असे नाही. उशिरा आलेले सर्व मरतात असेही नाही. हा त्यांतील कोण होता, ते मला ठाऊक नाही. इतके मात्र ठाऊक आहे की तेव्हा माझ्या हातात काही होते." मी बाहेर आलो. व्हरांड्यात अब्बासने भुवया उंचावून विचारलं, काय म्हणतात? मी म्हटलं, नीट करतो म्हणतात. त्याने समाधानाने डोळे मिटले. आणि मला नाटे गावच्या खाडीत शिरलेला तो मचवा आठवला... ता कोन सांगनार? गेलो नाय ना.

शस्त्रक्रियेत तो टिकला, याचंच डॉक्टरांना नवल वाटलं. आषाढात मी त्याला घरी आणला तेव्हा डावा गाल नव्हता, तिथं दोरीने बांधलेलं फडकं होतं, आणि बोलणं कायमचं गेलं होतं. पोरं पहिल्यांदा बघून पळाली, मग सरावली. त्याने घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी काय करावं? मागच्या पडवीत चटई टाकली आणि कोपऱ्यातल्या वस्तू काढायला घेतल्या. भाबीने हात धरला तर त्याने तिला बाजूला केलं. मी शाळा सुटली की जाऊन बसायचो. तो पाळण्याला दोर वळायचा, कंदिलाला काच बसवायचा, दमला की भिंतीला टेकायचा, पुन्हा उठायचा. त्याच्या मानेवर नव्या गाठी वर आलेल्या मला दिसत होत्या आणि त्यालाही हाताला लागत असणारच. पण त्या वेळी मी त्याच्या हातांकडेच बघत राहायचो. ते हात अगदी पूर्वीसारखे होते.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी कोपऱ्यात फक्त माझी छत्री उरली होती. मी म्हटलं, "आता ती पण करून टाक. यंदा एकदा तरी पाऊस असताना मिळू दे मला." त्याने छत्री उचलली, तुटलेली काडी पाहिली, उघडून बघितली, मिटली. मग ती होती तिथं भिंतीला नीट टेकवून ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि हात केला. तळवा खाली, बोटं हलती. पुढच्या पावसात. मला त्याचा अर्थ तेव्हाही लागला नाही आणि अजून लागत नाही. पुढच्या पावसात मी आहे, असं तो म्हणत होता? की मी नाही हे ठाऊक असून माझी थट्टा करत होता? की नुसताच दमला होता? मी त्याला म्हटलं, "बरं बाबा, पावसात तर पावसात." त्याच्या उरलेल्या अर्ध्या चेहऱ्यावर हसू आलं. पौर्णिमेला सखारामाने दर्याला नारळ दिला, झापं काढलेलं गलबत पाण्यात गेलं, ते अब्बासने खाडीच्या काठी खुर्चीवर बसून पाहिलं. आठवड्याने तो गेला.

परवा दुपारी मी राजिवड्याला गेलो होतो. भाबी इद्दतीत, म्हणजे नवरा गेल्यावर पाळायच्या मुदतीत, असल्याने घराबाहेर पडत नाही, पडद्याआडूनच बोलली. तिच्या आवाजात रडणं नव्हतं, विचारात पडल्यासारखी ती बोलत होती. म्हणाली, "मास्तर, दर साली पावसात ठेवलेला सगळा नीट झाला. ह्या येका गोष्टीचा तसा होनार नाय, हा आमाना कसा कळायचा?" डॉक्टरांनी सांगितलं होतं, मी सांगितलं होतं, तिनेही सांगितलं होतं. पण तिचा प्रश्न तो नव्हता. मी पडवीकडे बघत राहिलो. कोपरा झाडलेला होता. चटई गुंडाळून ठेवली होती. छत्री तिथंच भिंतीला टेकून होती, त्याने ठेवली तशी.

तो गेल्यापासून मी घरात एक नेम धरला आहे. काही मोडलं की त्याच दिवशी सुतार, त्याच दिवशी कासार. आमच्या घरातल्यांना नुसती शिंक आली तरी मी डॉक्टरांकडे चल म्हणतो, ती वैतागली आहे. "पावसात बघू" हे शब्द मला कानाला नको झाले होते. त्या शब्दांनी माझा मित्र नेला असं मी चारचौघांत बोलूनही दाखवलं आहे. त्या दुपारी बाहेर परतीच्या पावसाचे ढग भरून आले होते. मी निघायला उठलो तशी भाबी आतून म्हणाली, "मास्तर, पाऊस येतोय. तुमची छत्री न्या ती. बाजारात कोनीपन काडी बसवून देईल." मी पडवीपर्यंत गेलो. छत्रीला हात लावला. मग तो काढून घेतला.

म्हटलं, "राहू दे भाबी. पावसात बघू."

आणि भिजत घरी आलो.